माझ्या अक्षरातली पत्रिका

आमच्या घरातल्या भाकरीला रॉकेलचा वास यायचा. पाहुणा पहिला घास तोंडात घालायचा, थोडा थबकायचा, आणि आई त्याच्या ताटात आणखी खर्डा वाढून मोकळी व्हायची. पिरनवाडीतल्या त्या दोन खोल्यांत स्वयंपाक, झोप, माझ्या भावाचा, संजयचा अभ्यास आणि आप्पांचा छापखाना एकाच हवेत चालायचा. छापखाना म्हणजे एक लाकडी टेबल, त्याला बिजागरीनं अडकवलेली स्क्रीन, शाईचे डबे, शाई पुसायचं रॉकेल आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या. लग्नसराईत त्या दोऱ्यांवर चिमट्यांना लोकांच्या पत्रिका लटकत असायच्या आणि आम्ही त्यांच्याखालून वाकून चालायचो. अजूनही दारातून आत जाताना मी उगाच मान खाली घालते, दार कितीही उंच असलं तरी. सकाळी जाग यायची ती रबराच्या आवाजानं. लाकडी मुठीत बसवलेलं रबर आप्पा स्क्रीनवरून ओढायचे, तेव्हा खर्रर्र असा एक जाड आवाज यायचा, मग स्क्रीन उचलल्याची कुरकुर, मग कागद सरकवल्याची चाहूल. शेजारच्या घरातला रेडिओ कन्नड बातम्या देत असायचा, मागं आई भाकरी थापत असायची, आणि या सगळ्यात तो खर्रर्र आवाज घड्याळासारखा चालू.

आप्पांचे वडील दुसऱ्याच्या रानात राबले. आप्पा बेळगावात एका छापखान्यात झाडलोट करायला लागले आणि बघून बघून कारागीर झाले. पुढं त्यांनी स्वतःचं टेबल मांडलं. मला त्यांनी कळायला लागल्यापासून हाताशी घेतलं. चौकटीवर नायलॉनची जाळी ढोलकीच्या चामड्यासारखी ताणून बसवायची, ती झाली स्क्रीन. न्हाणीघराला आतून काळं कापड लावून तिथं अंधारात जाळीला केमिकल लावायचं, वाळू द्यायचं. ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईनं मजकूर लिहायचा, तो जाळीवर ठेवायचा, वर काच दाबायची आणि सगळं उचलून अंगणात उन्हाला धरायचं. ऊन लागेल तिथं केमिकल घट्ट होतं. अक्षरांच्या काळ्या शाईखाली ऊन पोचत नाही, तिथलं केमिकल पाण्यानं धुऊन निघतं आणि अक्षरं तेवढी मोकळी राहतात. त्यांतून शाई खाली उतरते. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी न्हाणीत टाळ्या वाजवल्या होत्या. पाण्याखाली माझंच नाव हळूहळू उघडत होतं, आणि आप्पा हसत होते. ते हसणं मी नाकारत नाही. पुढं जे झालं त्यानं ते खोटं ठरत नाही, आणि त्या हसण्यानं पुढचंही माफ होत नाही.

आप्पा गल्लीतले मोठे माणूस होते. विहारात रविवारी वंदना झाली की दोन शब्द बोलायला तेच उभे राहायचे. जयंतीला लागणारी कापडी निशाणं आमच्याच घरात छापली जायची आणि त्यांतल्या निम्म्यांवर 'मुलीला शिकवा' असं असायचं. ती अक्षरं माझी. आप्पांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं होतं, ते स्वतःच सांगायचे. त्यामुळं शिकवण्याचा उपदेश त्यांचा आणि अक्षर माझं, अशी वाटणी आमच्याकडं बरीच वर्षं चालली. लोक म्हणायचे, आप्पा बोलायला लागले की दगडालाबी पाझर फुटतो. फुटत असेल. दगड काही त्यांच्या घरात राहत नव्हता.

पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या परीक्षा झाल्या त्या सुट्टीत गल्लीच्या टोकाच्या मराठी शाळेतल्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. निशाणं बघून त्यांना सुचलं होतं की पोरांना सुट्टीत असलं काही शिकवावं. नायलॉनची जाळी आणि केमिकल लहान मुलांच्या हातात देण्यासारखं नव्हतं. मी आईची फाटकी ऑर्गंडीची साडी मागून घेतली, तिचे तुकडे भरतकामाच्या रिंगांत ताणून बसवले. त्याच पोरांच्या स्क्रीन. वर्तमानपत्रातून आकार कापायचा, कापडावर ठेवायचा, वर रिंग ठेवायची आणि पोस्टर कलरमध्ये गव्हाची खळ कालवून तो रंग जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्यानं ओढायचा. रंग लागला की कागद आपोआप ऑर्गंडीला चिकटायचा आणि चार-पाच ठसे आरामात निघायचे. कुणी पिंपळाचं पान ठेवलं, कुणी स्वतःच्या पंजाचा आकार. एका मुलीनं ऑर्गंडीवर मेणखडूनं शेळी काढली. मेण होतं तिथं रंग गेला नाही आणि निळ्या रंगात पांढरी शेळी उमटली. मग सगळ्यांनाच शेळ्या काढायच्या झाल्या. साखरेच्या पोत्यांच्या पिशव्या, बापाचे जुने सदरे, शाळेचे पडदे, मिळेल त्याच्यावर पोरांनी शेळ्या छापल्या.

मला तोवर छापणं म्हणजे काम वाटायचं. लोकांची नावं, लोकांचे मुहूर्त. त्या वर्गात पहिल्यांदा कळलं की दुसऱ्याला दाखवता दाखवता आपल्यालाच नवं काहीतरी सुचत जातं. संध्याकाळी घरी येताना माझे पाय जमिनीवर नसायचे. मोठ्या बाईंनीच सांगितलं की चित्रकला शिक्षकाचा कोर्स असतो, बेळगावातच कलाशाळा आहे, अर्ज कर. मी केला. निवड झाली. पिरनवाडीच्या स्टॉपवरून सिटी बसनं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढी साधी गोष्ट होती. संजय तर रोज त्याच बसनं डिप्लोमाला जात होता. त्याला जाऊ का असं कधी विचारावं लागलं नव्हतं.

आप्पा जेवायला बसले होते. मी सांगितलं तसं त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला, आणि म्हणाले, "छापायचं तर तुला येतंयच की. आणि काय शिकणार हाईस?"

मी म्हटलं, शिकवायला शिकणार. आईकडं बघून त्यांनी मीठ मागितलं. आठवड्याभरात मामा निपाणीहून स्थळ घेऊन आले. मुलगा बस डेपोत मेकॅनिक, निर्व्यसनी, आपल्यातलाच, घरचं चांगलं. ते लोक येऊन बघून गेले. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. त्याच्या वडिलांनी माझं अक्षर फार सुरेख आहे असं ऐकल्याचं सांगितलं आणि आप्पांनी लगेच भिंतीवरचं निशाण त्यांना दाखवलं, 'मुलीला शिकवा' लिहिलेलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी तिथं उभी होते. एवढ्या माणसांत एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

ते गेल्यावर मी स्पष्ट सांगितलं की मला लग्न करायचं नाही. आईला सांगितलं, मामांना सांगितलं, आप्पांना तर रोज सांगितलं. आप्पा चिडले नाहीत, हेच जास्त वाईट होतं. चिडले असते तर भांडता आलं असतं. ते समजूत घालायचे. म्हणायचे, शिकलेल्या पोरीला पुढं स्थळ मिळायला वांधा होतो, तुझ्या भल्याचंच बघतोय. आणि मी बोलत असताना मधेच उठून शाई ढवळायला लागायचे. तारीख धरली गेली. मग एके दिवशी त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं. एरवी पत्रिकेचा मजकूर शहरात टाईप करून आणायचा, पण त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं कोरा ट्रेसिंग कागद ठेवला.

"आपल्या घरातलं पहिलं लग्न हाय, सुजे," ते म्हणाले. "सगळी पत्रिका तुज्या अक्षरात करूया. लोकांनी बघत ऱ्हायलं पायजे."

मी म्हटलं, "मी न्हाय म्हटलंय, आप्पा."

"व्हय, ऐकलंय," ते म्हणाले. "वर कमळ घाल. बाजूनं पिंपळाची पानं."

ऐकलंय. मला वाटतं, त्या एका शब्दानं माझ्यातलं रडणं संपलं. त्याआधी मी पुष्कळ रडले होते, आईच्या मांडीवर, न्हाणीत, बसस्टॉपच्या मागं. ते ऐकत नाहीत असं मी धरून चालले होते. ऐकत नसलेल्या माणसाला ओरडून सांगता येतं. ज्यानं ऐकलंय आणि तरी पिंपळाची पानं सांगतोय, त्याला काय सांगायचं? मी कागद उचलला. त्यांना वाटलं पोरगी वळणावर आली. त्या रात्री ते दोन भाकरी जास्त जेवले.

शनिवारी आप्पा छापून झालेला माल पोचवायला खानापूरला गेले. संजय कॉलेजात होता. मी आंघोळ केली, टेबल पुसलं आणि लिहायला बसले. वर कमळ काढलं, बाजूनं पानं काढली, अगदी त्यांनी सांगितली तशी. इतकं सुरेख कमळ मी त्याआधी काढलं नव्हतं. मग मजकूर लिहिला. लोकांच्या पत्रिका छापून छापून ती भाषा माझ्या बोटांत बसली होती, शोधावी लागली नाही.

सप्रेम जयभीम वि. वि. आमचे येथे चि. सौ. कां. सुजाता हिचा मंगल परिणय तिला न विचारता ठरविण्यात आला आहे. या विवाहास तिची संमती नाही. ती बेळगाव येथे चित्रकलेच्या शिक्षणासाठी जाणार आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार येण्याचे करू नये, ही नम्र विनंती. आपली, सुजाता.

ऊन कडक होतं. काच धरून अंगणात उभी राहिले तेव्हा समोरच्या काकूंनी विचारलं, कुणाची गं पत्रिका? मी म्हटलं, माझी. त्या हसल्या, बरं झालं म्हणाल्या. न्हाणीत स्क्रीनवर पाणी सोडलं आणि एकेक अक्षर उघडायला लागलं. या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग स्क्रीन वाळवून टेबलाला अडकवली, मरून शाई ओतली आणि रबर ओढलं. पहिली प्रत निघाली. मात्रा, वेलांट्या, सगळं स्वच्छ. मी एकामागून एक काढत गेले. कागद संपत आला तेव्हा मान वर केली तर आई दारात उभी होती.

आई चौथीपर्यंत शिकलेली. लग्नाआधी निपाणीत आजीबरोबर तंबाखूच्या वखारीत जायची. छापखान्यातलं काही ती वाचत नसे, तिचं काम दोऱ्या आणि चिमटे. तिनं दोरीवरची एक पत्रिका हातात धरली आणि ओठ हलवत वाचायला लागली. वाचायला तिला वेळ लागायचा. मी रबर धरून तशीच उभी. ती ओरडली असती तर, किंवा तिनं माझे पाय धरले असते तर, मी काय केलं असतं मला माहीत नाही. सगळं वाचून झाल्यावर तिनं पत्रिकेच्या कोपऱ्याला बोट लावून बघितलं.

"ह्या वाळल्यात," ती म्हणाली. "काढून ठेव. त्येनी पाचच्या गाडीनं येतील."

आणि तिनं स्वतःच चिमटे काढायला सुरुवात केली. आम्ही दोघींनी मिळून पत्रिका गोळा केल्या. तिनं त्या तांदळाच्या डब्यामागं ठेवल्या आणि चुलीपुढं बसली. आप्पा आले, हातपाय धुतले, सुकटाची चटणी कशी झक्कास झालीय म्हणाले.

रविवारी विहार भरलं होतं. मामा निपाणीहून आले होते, त्यांच्याबरोबर मुलाचे वडीलही, पुढची बोलणी करायला. वंदना झाली. आप्पा उभे राहिले आणि शिक्षणावर बोलले. आपल्या आज्याला पाटीला हात लावू दिला नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. म्हणून आपण आपल्या लेकरांच्या हातात लेखणी दिली पाहिजे म्हणाले. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. मी पिशवी घेऊन मागच्या ओळीपासून सुरुवात केली. एकेक पत्रिका हातात देत पुढं निघाले. लोकांना वाटलं लग्नाच्या पत्रिका वाटतेय, ते हसून घेत होते. पोरांनी कमळ बघून वा वा केलं. मग मागच्या ओळींतलं हसणं थांबलं. आप्पा बोलतच होते. मी मामांना दिली, मुलाच्या वडिलांना दिली, दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणं. शेवटची आप्पांना दिली.

त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग एवढ्या माणसांसमोर त्यांनी मला विचारलं, "कुणी छापली ही?"

"मीच," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत तशी. माझ्या अक्षरात."

मुलाचे वडील उठले, त्यांनी पत्रिकेची घडी घालून खिशात ठेवली आणि चपला घालून बाहेर पडले. मामा त्यांच्या मागं धावले. लोक मला अजून विचारतात की त्या बिचाऱ्या मुलाला काय वाटलं असेल. गल्लीत विचारलं, नातेवाइकांनी विचारलं, परवा माझ्या एका भाचीनंही विचारलं. मला काय वाटत होतं, हे त्या वेळी एकानंही विचारलं नव्हतं, म्हणून तर छापावं लागलं. मुलाचं पुढं चांगलं झालं. निपाणीतच संसार थाटला त्यानं. मी त्याची माफी मागितली नाही आणि मागणारही नाही. त्यालाही कुणीतरी विचारायला हवं होतं, पण ते काम माझं नव्हतं.

घरी आल्यावर आप्पांनी अक्षरं काढायला ती स्क्रीन ब्लीचिंग पावडर घालून घासली. घासत राहिले, जाळी फाटेपर्यंत. हात उगारला नाही. मग मला म्हणाले, या घरातल्या स्क्रीनला पुन्हा हात लावायचा नाही. मी म्हटलं, नाही लावणार. आणि लावला नाही. मी कलाशाळेत गेले. पहिल्या दिवशी आईनं डब्यात झुणका-भाकरी दिली आणि बसस्टॉपपर्यंत आली. आप्पा आमच्याकडं पाठ करून टेबलाशी काम करत राहिले. मी एकाच घरात राहत होते, त्यांच्या दोऱ्यांखालून वाकून जात-येत होते आणि ते माझ्याशी बोलत नव्हते. काही सांगायचं असलं तर आईला सांगायचे, मी समोर बसलेली असताना. कलाशाळेतलं छपाईचं काम मी ऑर्गंडीवर केलं, रिंग आणि खळ घेऊन, कारण जाळी ताणायची चौकट घरी होती आणि ती मागायची नव्हती. सरांना वाटायचं मला ते मुद्दाम आवडतं. पुढं मी शाळेत लागले आणि सगळी वर्षं पोरांना तेच शिकवलं. पिशव्या, उशांचे अभ्रे, वाढदिवसाची कार्डं, घरी बसून करता येईल असं सगळं. आता लग्नाची पत्रिका मोबाईलवर येते, तिच्यातून गाणं वाजतं. बघते आणि पुढं सरकवते. पण एखाद्या माजी विद्यार्थिनीची आली की मी फोन करून आधी तिलाच विचारते, तुझ्या मनासारखं आहे ना गं? काहींना त्याचा राग येतो. येऊ दे.

आप्पांनी पुढं बोलणं सुरू केलं, पण त्या दिवसाबद्दल नाही. मला नोकरी लागल्यावर त्यांनी पेढे वाटले. नंतर नंतर तर विहारात भाषण करताना ते माझं उदाहरण द्यायला लागले. माझी लेक बघा, म्हणायचे, मास्तरीण झाली. मी मागच्या ओळीत बसून ऐकायची. लोक माझ्याकडं वळून बघायचे आणि त्यांतल्या कित्येकांच्या हातात मी स्वतः ती पत्रिका दिलेली होती. त्यांनाही आता आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं. माणसं आपल्याला हवं ते किती सहज धुऊन काढतात.

आप्पा गेल्यावर विहारात शोकसभा झाली. एकामागून एक लोक उठले. त्या काळात, त्या परिस्थितीत, आप्पांनी मुलीला शिकवलं, असं जो तो म्हणत होता. एकानं तर मला कोर्सला घालण्यासाठी आप्पा कसे सगळ्या भावकीशी भांडले ते सविस्तर सांगितलं. संजयही बोलला, तोही तेच बोलला, त्याचे डोळे भरले होते. मला सगळ्यांत शेवटी उभं केलं. आप्पांवर माझा जीव होता. तो त्यांच्यावर बसलेल्या रागाच्या शेजारीच होता, कायम, आणि दोघांनी एकमेकांना कधी जागा करून दिली नाही. मी माईक हातात घेतला.

"आप्पांनी मला छापायला शिकवलं," मी म्हटलं. "त्याचे उपकार आहेत. शिकायला मात्र मला त्यांनी पाठवलं नाही. ते नको म्हणाले होते. मी त्यांच्या मनाविरुद्ध गेले. इथं बसलेल्या पुष्कळांना ते माहीत आहे."

आणि खाली बसले. संजयनं माझ्याकडं बघायचं टाळलं. कुणीतरी घाईघाईनं, सभा संपवताना म्हणतात ते सरणत्तयं सुरू केलं आणि सगळे उभे राहिले. आई माझ्या शेजारी होती, म्हातारी, वाकलेली, माझ्या दंडाचा आधार घेऊन उभी. मला वाटलं, आज ती मला बोलणार. नवऱ्याच्या शोकसभेत लेकीनं असं बोलावं, कुठल्या बाईला आवडेल? सगळं संपून लोक चपला शोधायला लागले तेव्हा तिनं माझा दंड दाबला आणि मला वाकवून कानाशी घेतलं.

"आणखी जरा बोलायचं हुतंस," ती म्हणाली.